टाकायासू आहे, नववा आठवडा चालू आहे, आणि डाव्या हाताची नाडी लागत नाही

धायरीची_मी

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

वय २८, राहायला धायरीत. चार वर्षांपूर्वी गच्चीवर कपडे वाळत घालताना डावा हात भरून यायला लागला. दोन चादरी टाकल्या की हात खाली घ्यावाच लागायचा. त्यात बारीक ताप, वजन उतरलेलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मनगट धरलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. डावीकडे नाडी लागतच नव्हती. पुढे अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा फोटो) झाली आणि नाव कळलं, टाकायासू आर्टरायटिस. यात मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. डाव्या हाताला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी बंद आहे. उजव्या किडनीची रक्तवाहिनी साधारण ४० टक्के अरुंद आहे, त्यामुळे बीपी वाढतं.

आधी मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू होती. बाळाचा विचार आहे म्हटल्यावर रूमॅटॉलॉजिस्टनी (या आजाराच्या डॉक्टरांनी) गेल्या वर्षीच ती थांबवली आणि त्याच कामाची ॲझाथायोप्रिन १०० मिग्रॅ सुरू केली (माझं वजन ५४ किलो). सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड, ५ मिग्रॅ. आजार आठ महिने शांत आहे. बीपीला टेल्मिसार्टन होती. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती बंद करून लॅबेटालॉल दिली. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे पोटात बाळ आणि अंगात टेल्मिसार्टन, असं झालंय. त्या विचाराने रात्री झोप लागत नाही.

परवा घराजवळच्या प्रसूतिगृहात नाव घालायला गेले. तिथल्या मुलीने डाव्या हाताला पट्टा बांधला, ९२/६० आलं. मी म्हटलं, या हाताला बरोबर येत नाही. ती म्हणाली, "मशीन नवीन आहे, बरोबरच येतं." बीपी कमी आहे म्हणून मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं आणि लॅबेटालॉलची सकाळची गोळी सोडायला सांगितली. मी घाबरून ती सोडलीसुद्धा. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं.

सासूबाईंनी ॲझाथायोप्रिनच्या डबीतलं पत्रक नातीकडून वाचून घेतलं (माझ्या जावेची मुलगी, दहावीत आहे). तेव्हापासून त्या रोज म्हणतात, इतकी कडक गोळी बाळाला चालेल का. त्यांचं प्रेम आहे, मी रागावू शकत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

पुण्यात कुणी यातून गेलंय का? सिझरच करावं लागतं का? नक्की कुणाचं ऐकायचं? गायनॅक म्हणतात रूमॅटॉलॉजिस्टना विचारा, रूमॅटॉलॉजिस्ट म्हणतात गायनॅकना विचारा.

वनाजची_आई

अगं, आधी एकच सांगते, बाकी सगळं नंतर वाच. आज, आत्ता, तुझ्या रूमॅटॉलॉजिस्टना फोन कर आणि सांग की लॅबेटालॉलची गोळी सोडायला लावली होती. उजव्या हाताचं बीपी मोजून घे. १६०/११० किंवा त्याच्या वर असेल तर थांबायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं.

मलाही टाकायासू आहे, अकरा वर्षं. माझीही डावी बाजूच. माझा मुलगा आता तीन वर्षांचा आहे, शेजारी बसून डब्यांची झाकणं वाजवतोय. म्हणजे हे होतं, व्यवस्थित होतं. पण तुझं ते ९२/६० वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण माझ्याबरोबर हेच घडलंय.

३१वा आठवडा होता. रात्री अकराला डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. माझं हॉस्पिटल लांब, म्हणून जवळच्या एका हॉस्पिटलात गेलो. त्यांनी डाव्या हाताला पट्टा बांधला, १००/७० आलं. "नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल, घरी जा." मी खुर्चीतून उठलेच नाही. नवऱ्याने उजवा हात पुढे केला आणि म्हणाला, फक्त एकदा इथे बघा. १६८/१०४. त्यानंतर सगळे पळायला लागले. त्यांची चूक काढण्यासाठी हे लिहीत नाहीये. त्यांनी आयुष्यात असा रुग्ण पाहिलाच नसेल. पण आपल्याला कळायला हवं की या आजारात ज्या हाताची रक्तवाहिनी बंद आहे त्या हाताचा आकडा खोटा असतो. मशीन बरोबर असतं. ते त्या हातातला दाब मोजतं, आणि त्या हातात रक्तच कमी पोचतंय. मेंदू, हृदय, किडनी आणि वार यांच्यापर्यंत जो दाब जातो तो वेगळाच असतो.

दुसऱ्या दिवसापासून नवरा रोज सकाळी माझ्या डाव्या दंडावर मायक्रोपोअर टेपचा तुकडा लावायचा. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, "इथे बीपी मोजू नका. उजव्या हाताला मोजा." प्रसूतीपर्यंत हे चाललं. डोहाळजेवणाच्या दिवशी पैठणीच्या ब्लाऊजची बाही घट्ट होती, म्हणून आईने आधी बीपी मोजलं आणि मगच ब्लाऊज घालू दिला.

आता तुझा हात. अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये उजव्या हाताची रक्तवाहिनी मोकळी आहे असं लिहिलंय का, ते नीट बघ आणि डॉक्टरांकडून त्यावर शिक्कामोर्तब करून घे. "उजवा हात प्रमाण मानावा" असं फाईलच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहून घे. आपण तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही, सहीशिक्क्याचं ऐकतात. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घरी घे, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, सकाळ-संध्याकाळ मोज आणि वहीत लिही. १४०/९०च्या पुढे जायला लागलं की डॉक्टरांना कळवायचं. खालची मर्यादाही विचारून घे. माझी मानेतली डावी रक्तवाहिनी अरुंद आहे, त्यामुळे वरचा आकडा ११०च्या खाली नको, असं मला सांगितलं होतं. फार उतरलं तर मेंदूला आणि बाळाला रक्त कमी पडतं. त्यामुळे "जितकं कमी तितकं चांगलं" हे आपल्याला लागू नाही.

टेल्मिसार्टनची भीती मला समजते. त्या गटातल्या गोळ्यांचा खरा धोका चौथ्या महिन्यापासून पुढे असतो. बाळाच्या किडनीवर परिणाम होतो, गर्भजल कमी होतं. तू चाचणी आल्यावर लगेच बदललीस, म्हणजे योग्य वेळेत बदललीस. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव नीट बघतात. तेव्हा डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांग, लपवू नकोस.

ॲझाथायोप्रिनबद्दल सासूबाईंना माझ्याकडून सांग. पत्रकावर छापलेलं असतं ते खरंच भीतिदायक वाटतं, पण ही गोळी गरोदरपणात अनेक वर्षांपासून दिली जाते. किडनी बदललेल्या बायकांनी ती घेत मुलांना जन्म दिलाय. वजनाच्या दर किलोला दिवसाला २ मिग्रॅपर्यंत चालते असं धरतात. ५४ किलोला १०८ होतात, तू १०० वर आहेस. बाळाच्या यकृतात या गोळीला कामाला लावणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच. प्रेडनिसोलोनचंही तसंच, वार तिचा बराचसा भाग आधीच निकामी करते. ज्या गोळ्या खरोखर नकोत, त्यातली मेथोट्रेक्सेट तू वर्षभरापूर्वीच सोडलीस. कुणाच्याही बोलण्यावरून ॲझाथायोप्रिन बंद करू नकोस. आजार उसळला तर बाळाला गोळीपेक्षा त्याचाच त्रास जास्त.

बाराव्या आठवड्यानंतर बहुधा एकोस्प्रिन (कमी डोसाची ॲस्पिरिन) सुरू करतील, रात्रीची. गरोदरपणात बीपी वाढून अंगावर सूज आणि लघवीतून प्रथिनं जाणं होऊ नये म्हणून ती असते. त्याचा आपल्याला इतरांपेक्षा धोका जास्त आहे.

पाचव्या महिन्यात माझा ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ५८ आला. रिपोर्ट हातात घेऊन मी लॅबच्या पायरीवर बसून रडले, वाटलं आजार परत उलटला. रूमॅटॉलॉजिस्ट म्हणाले, गरोदर बाईचा ईएसआर एरवीही वाढतो, त्यावरून काही ठरवत नाही. त्यांनी सीआरपी (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) पाहिला, ताप आहे का, मान किंवा हात दुखतो का ते विचारलं, आणि स्टेथोस्कोप मानेवर, गळपट्टीच्या हाडाखाली आणि पोटावर ठेवून कितीतरी वेळ ऐकत राहिले. अरुंद रक्तवाहिनीतून रक्त जाताना आवाज येतो, तो बदललाय का बघत होते. सीटी अँजिओग्राफी आता नाही, रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन एमआरआयही नाही. मानेचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि हृदयाचा इको, एवढ्यावर माझे नऊ महिने निघाले. डोळ्यांचा पडदाही तपासून घे. १९०८ मध्ये ज्या मिकितो ताकायासू यांनी हा आजार पहिल्यांदा मांडला ते जपानमधले नेत्रतज्ज्ञच होते. एका तरुण मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या त्यांना वेगळ्या दिसल्या होत्या.

स्टेरॉईडमुळे साखर वाढते. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी माझी १५२ आली. गूळ, आंबा, साबुदाणा बंद झालं, गोळी लागली नाही. लोणचं-पापडही कमी केलं. खोकला झाला तर ज्येष्ठमधाचा काढा घेऊ नकोस. आपल्याकडे तो इतका सहज देतात की लक्षातच येत नाही, पण ज्येष्ठमधाने बीपी वाढतं आणि अंगातलं पोटॅशियम उतरतं.

सिझरच लागतं असं नाही. बीपी काबूत असेल आणि महाधमनीला फुगवटा वगैरे नसेल तर नॉर्मल करतात. माझी ३७व्या आठवड्यात कळा सुरू करून नॉर्मल झाली. आधीच एपिड्युरल (पाठीतून देतात ती वेदना कमी करणारी भूल) दिली, कारण वेदनेने बीपी उसळतं. शेवटी मला फार जोर काढू दिला नाही, व्हॅक्यूम लावला. रोजचं स्टेरॉईड चालू असल्यामुळे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. बाळ २ किलो ३०० ग्रॅमचं होतं. ३२व्या आठवड्यापासूनच ते थोडं मागे पडलं होतं, म्हणून दर दोन आठवड्यांनी नाळेचा डॉपलर चालला होता. नंतर छान भरलं.

आणि कुणाचं ऐकायचं? दोघांचंही. पण दोघांना एकमेकांशी बोलायला लाव. आम्ही गायनॅकच्या केबिनमधून रूमॅटॉलॉजिस्टना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सात मिनिटांत ठरलं. जिथे हृदयाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच इमारतीत आहेत तिथेच नाव घाल. घराजवळचं असण्यापेक्षा हे महत्त्वाचं.

तळेगावकर_प

वरच्या ताईंनी बहुतेक सगळं लिहिलंय. माझं थोडं वेगळं आहे म्हणून लिहिते. माझ्या दोन्ही हातांच्या रक्तवाहिन्या बंद आहेत, त्यामुळे बीपी मांडीला मोठा पट्टा लावून मोजतात. पायाचा आकडा हातापेक्षा मुळातच थोडा जास्त येतो, ते डॉक्टर हिशेबात धरतात. पण पोटातली महाधमनी अरुंद असेल तर पायही खोटा आकडा देतात. भारतातल्या रुग्णांत पोटातली महाधमनी आणि किडनीच्या रक्तवाहिन्या जास्त वेळा सापडतात, असं मला डॉक्टरांनी समजावलं होतं. तेव्हा कुठल्या अवयवाचा आकडा खरा, हे आपल्या स्वतःच्या अँजिओग्राफीवरूनच ठरतं. दुसरीचं बघून ठरवायचं नाही.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मला ॲडालिमुमॅबची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं चालू होती. त्यामुळे मुलीला जन्मल्यावर लगेच बीसीजी (क्षयरोगाची जिवंत जंतूंची लस) दिली नाही, सहा महिने थांबले. तुला फक्त ॲझाथायोप्रिन आहे, तुझ्याकडे ही अडचण येऊ नये. पण बाळाच्या डॉक्टरांना आईची औषधं आधीच सांगून ठेव, कारण आपल्याकडे ती लस पहिल्या एक-दोन दिवसांतच टोचतात.

सिस्टर_निवृत्त

लेकी, मी लेबर रूममध्ये २६ वर्षं काढली. टाकायासूच्या तीनच पेशंट पाहिल्या, तिघींचे चेहरे अजून आठवतात. जिने तुला मीठ-साखर पाणी सांगितलं तिने जे शिकवलं गेलं तेच केलं, पण तू "या हाताला येत नाही" म्हणालीस तिथे तिने थांबायला हवं होतं. आम्ही नवीन मुलींना हेच शिकवायचो, पेशंट हाताबद्दल काही बोलली तर पट्टा सोडा आणि ऐका.

मी काय करायला सांगेन ते लिहिते. लेबर रूममध्ये मॉनिटरचा पट्टा आपोआप फुगतो आणि तो कुठल्या हाताला आहे हे पाळी बदलली की नवीन सिस्टरला माहीत नसतं. त्यामुळे ती टेपची युक्ती फार चांगली आहे, ती कर. प्रसूतीच्या वेळी कुणीतरी घरचं माणूस असं ठेव ज्याला हे तोंडपाठ आहे. आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञांना एकदा भेट. कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा फाईल उघडायला लावू नकोस.

वार पडल्यावर रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मेथर्जिनचं इंजेक्शन देण्याची बऱ्याच ठिकाणी सवय असते. त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी एकदम चढतं. ते तुला नको. ऑक्सिटोसिन चालतं. फाईलवर लाल शाईने "मेथर्जिन देऊ नये" असं तुझ्या गायनॅककडून आत्ताच लिहून घे.

बाळंतपणानंतर बायका निर्धास्त होतात, तिथेच मला काळजी वाटायची. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात जास्त चढतं. तेव्हा बाई नुकतीच घरी आलेली असते, पाहुणे येत असतात, बाळ रात्री रडत असतं आणि मशीन कपाटात गेलेलं असतं. मशीन उशाशी ठेव. सहा आठवडे मोजत राहा. टाक्यांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नकोस, तुझ्या किडनीची रक्तवाहिनी अरुंद आहे. ॲझाथायोप्रिन आणि कमी डोसाच्या प्रेडनिसोलोनवर दूध पाजता येतं, ते कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नकोस.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते. जोखमीच्या गरोदरपणाला कार्डावर लाल स्टिकर लावतात. तो लावून घे, लाजू नकोस. रात्री-अपरात्री १०८ला फोन कर. गाडीत बसल्यावरही पहिलं वाक्य हेच, "बीपी उजव्या हाताला मोजा."

पोटाच्या वर उजवीकडे दुखणं, डोकं ठणकणं, दिसायला अंधुक, धाप, छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखं दुखणं, अर्धं अंग बधिर होणं, पुढे बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

धायरीची_मी

तुम्हां तिघींना कसं धन्यवाद देऊ. त्याच रात्री फोन केला. रूमॅटॉलॉजिस्टनी उजव्या हाताचं मोजायला लावलं, १५४/९६ होतं. गोळी लगेच घ्यायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. गायनॅक बदलले. आता जिथे जाणार आहे तिथे हृदयाचे डॉक्टर आणि बाळांचं आयसीयू दोन्ही आहे. लांब आहे, धायरीतून एक तास लागतो, पण चालेल. वनाजच्या ताईंसारखं मीही केबिनमधून फोन स्पीकरवर लावला. दोघं डॉक्टर एकमेकांना ओळखत होते! लॅबेटालॉल वाढवली आहे. काल १३२/८४ होतं.

फाईलच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहून घेतल्यात. उजवा हात प्रमाण, आणि मेथर्जिन नको. खाली सही, शिक्का, तारीख.

सासूबाईंना तुमची उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. एन्झाइमचं त्यांना कळलं नाही, पण किडनी बदललेल्या बायकांनाही मुलं झाली हे ऐकून त्या गप्प झाल्या आणि मग रडल्या. त्यांची एक बहीण बाळंतपणात गेली होती, झटके येऊन. हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. आता मशीन त्यांच्या ताब्यात आहे. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात, त्या स्वतः पट्टा बांधतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत आकडा लिहितात. काल संकष्टीच्या चौकटीत जागा कमी होती म्हणून समासात लिहिला. डब्यातलं ज्येष्ठमध त्यांनी शेजारी देऊन टाकलं.

एक विचारायचं राहिलं. घरचं मशीन आणि हॉस्पिटलचं मशीन यांत ८ चा फरक येतोय. घाबरायचं का?

वनाजची_आई

नाही गं. पुढच्या वेळी मशीन पिशवीत घालून घेऊन जा. त्याच हाताला आधी त्यांचं, मग दोन मिनिटं थांबून तुझं, असं दोनदा मोजायला सांग आणि कितीचा फरक आहे तो डॉक्टरांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लाव. पट्ट्याचा आकारही बघून घे. दंडाला सैल किंवा आखूड असेल तर तेवढ्यानेही आकडा हलतो.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग.